वऱ्हाडातली शहरं कोण लिहिणार?

मराठी साहित्यात शहर म्हटलं की डोळ्यांपुढे मुंबईच येते. गोविंद नारायण माडगावकरांनी १८६३ मध्ये ‘मुंबईचे वर्णन’ लिहिलं. पुढे मर्ढेकर, भाऊ पाध्ये, बाबूराव बागूल, नारायण सुर्वे, नामदेव ढसाळ, अरुण कोलटकर, जयंत पवार यांनी ती मुंबई आतून-बाहेरून लिहून काढली. पुण्याच्या वाट्याला ‘कोसला’ आली. वऱ्हाडाच्या वाट्याला मात्र गाव आणि शेतच आलं. उद्धव शेळक्यांची ‘धग’, पुरुषोत्तम बोरकरांची ‘मेड इन इंडिया’, सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ या कादंबऱ्यांनी इथला गावगाडा मराठीत कायमचा नोंदवला. पण अकोला, अमरावती, खामगाव ही कापसाच्या पैशावर वाढलेली शहरं साहित्यात जवळपास मुकीच राहिली. अमरावतीच्या मनोहर तल्हारांनी साठच्या दशकात ‘माणूस’मध्ये सायकलरिक्षा ओढणाऱ्याचं जगणं लिहिलं. त्या वाटेनं पुढं फारसं कुणी गेलं नाही.

असं का झालं, याचं एक उत्तर मराठीच्या वर्गात सापडतं. बार्शीटाकळीचंच उदाहरण घ्या. अकोल्यापासून जेमतेम वीस किलोमीटरवरचं हे तालुक्याचं गाव. इथल्या कालिका मंदिरात शके १०९८चा, म्हणजे इसवी सन ११७६चा शिलालेख आहे. आज इथे नगरपंचायत आहे, अकोला-पूर्णा मार्गावरचं रेल्वे स्टेशन आहे. सकाळी एसटीनं, काळीपिवळीनं, मिळेल त्या गाडीनं पोरंपोरी अकोल्याला निघतात. कुणाचं कॉलेज, कुणाचा क्लास, कुणाची कापडाच्या दुकानातली नोकरी. संध्याकाळी सगळी परत. यांतलाच एखादा मुलगा मित्राला ‘अकोल्याले चाल्लो’ म्हणतो, शेजारच्या दुकानदाराशी हिंदी-उर्दूत बोलतो आणि मुलाखतीला बसला की जपून पुस्तकी मराठीवर येतो. एका दिवसात तो तीन भाषांतून जातो. शहराची कादंबरी लिहायला याहून मोठं भांडवल कुठलं?

पण हाच मुलगा एम.ए. मराठीला बसतो तेव्हा त्याच्या हाती तयार खण येतात: ग्रामीण साहित्य, दलित साहित्य, महानगरीय साहित्य. त्याचं जगणं यांपैकी कुठल्याच खणात सरळ बसत नाही. मग लिहायला सांगितलं की तो ‘सिमेंटचं जंगल’, ‘हरवलेली माणुसकी’, ‘धावपळीचं जीवन’ असं लिहितो. हे शहर त्यानं पाहिलेलं नसतं, वाचलेलं असतं. त्याला एवढंच सांगून पाहावं की बसस्टँडवरचा अर्धा तास लिही: कोण चढलं, कुणी कुणासाठी जागा धरली, कंडक्टरशी सुट्ट्या पैशांवरून काय बोलणं झालं, आणि ते नेमकं कुठल्या बोलीत झालं. ‘जंगल’ हा शब्द मग आपोआप गळून पडतो.

हे सांगणारं आणि लिहिलेलं वाचून परत लिहायला लावणारं माणूस अभ्यासक्रमात नाही, हा खरा प्रश्न आहे. काही विद्यापीठांत सर्जनशील लेखनाची अभ्यासपत्रिका आली, हे चांगलंच झालं. पण तिची परीक्षा ‘कथालेखनाचे घटक स्पष्ट करा’ या वळणानं होणार असेल, तर ती लेखनाची परीक्षा नव्हे, टिपणांची परीक्षा.

प्रतिभा शिकवता येत नाही, हा आक्षेप आपल्याकडे ठरलेला आहे. तो खराही आहे, पण अर्धाच. खर्डा तपासणं, फापटपसारा ओळखणं, संवाद कानानं ऐकणं हे सगळं शिकवता येतं. मराठीत हे काम पूर्वी ‘सत्यकथा’ मासिकानं केलं. त्याचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकाला पत्रं लिहीत, कथा परत पाठवत, पुन्हा मागवत. मराठीचा खरा पदव्युत्तर लेखनवर्ग तोच होता. १९८२ मध्ये ‘सत्यकथा’ बंद पडलं आणि त्या जागी कुणी बसलं नाही. अमेरिकेत आयोवा विद्यापीठानं १९३६ मध्ये लेखनाचा पदव्युत्तर वर्ग सुरू केला, इंग्लंडमध्ये ईस्ट अँग्लिया विद्यापीठानं १९७० मध्ये. दिलीप चित्रे आयोवातल्या आंतरराष्ट्रीय लेखन उपक्रमात राहून आले. विलास सारंगांनी ‘सर्जनशोध आणि लिहिता लेखक’ हे पुस्तक मराठीत लिहून ठेवलं. तरी विद्यापीठं फारशी हलली नाहीत. परदेशी वर्गांतून एकाच साच्याचं लेखन बाहेर पडतं, ही टीकाही रास्त आहे. म्हणूनच आयोवा जसंच्या तसं इथे उचलून आणण्यात अर्थ नाही.

नमुना आपल्याच मातीत आहे. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुरात तेराव्या शतकात म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलं ते माणसांकडे जाऊन, आठवणी विचारून, पडताळून. पुढे ‘स्थानपोथी’त महानुभाव पंथीयांनी गावं, देवळं, त्यांच्या दिशा टिपल्या. ऐकणं, विचारणं, जागा नेमकी नोंदवणं ही मराठी गद्याची पहिली शिस्त वऱ्हाडात घडली. शहर लिहायला हीच शिस्त लागते. अकोल्याच्या तोष्णीवाल लेआउटमधल्या क्लासवाल्या पोरांच्या भाड्याच्या खोल्या, बंद पडलेल्या सावतराम मिलच्या कामगारांची घरं, श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन राजराजेश्वराकडे निघणारी कावड आणि तिच्यामागचं मंडळांचं राजकारण: एकेका विषयावर एकेक पुस्तक उभं राहील. फक्त ते मुंबईच्या चष्म्यातून पाहू नये.

आता संधीही आहे. नव्या शैक्षणिक धोरणानं राज्यात २०२३-२४ पासून एम.ए.ला संशोधन प्रकल्प आणला. १९८३ मध्ये स्थापन झालेलं अमरावती विद्यापीठ पाच जिल्ह्यांचं आहे, आणि रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठ उभं राहिलं आहे. या दोन्हींच्या अभ्यास मंडळांना कळकळीची विनंती आहे. प्रकल्पात समीक्षेच्या जोडीनं सर्जनशील लेखनाचा पर्याय द्या. विद्यार्थ्यानं आपल्याच शहरावर किंवा तालुक्याच्या गावावर कथासंग्रह, कादंबरीचा भाग किंवा दीर्घ गद्य लिहावं. त्याचे किमान तीन खर्डे तपासले जावेत. मार्गदर्शकांपैकी एक तरी लिहिता लेखक असावा. वऱ्हाडी बोलीला शुद्धलेखनाच्या नावाखाली गुण कापू नयेत. यासाठी नवी इमारत लागत नाही, मोठा निधीही लागत नाही. लागतो तो पोरांचं लिहिलेलं मन लावून वाचणारा प्राध्यापक. तो मिळाला तर वऱ्हाडातली शहरं लिहायला बाहेरून कुणाला यावं लागणार नाही.