जमीन कोणाची आणि निगा कोणाची?

विनोना लड्यूक यांचे ‘ऑल अवर रिलेशन्स’ हे पुस्तक १९९९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले. पुस्तक आता जुने झाले. त्यातला प्रश्न मात्र ताजा आहे. लेखिका मिनेसोटातील व्हाइट अर्थच्या ओजिब्वे जमातीच्या. १९९६ व २००० साली राल्फ नेडर यांच्याबरोबर त्यांनी अमेरिकेच्या उपाध्यक्षपदाची निवडणूकही लढविली. त्यांची आई न्यूयॉर्कच्या यहुदी कुटुंबातली, हे वाचून आपल्या वाचकांना कुतूहल वाटेल. परंतु पुस्तकाची किंमत त्यावरून ठरवू नये.

मूळ रहिवाशांच्या हातून जमीन गेली की नदी, रान व जनावरे यांची निगा राखणाराही जातो, हे पुस्तकाचे मुख्य प्रतिपादन. स्वतःच्या गावावरचे प्रकरण त्यात सर्वांत सरस उतरले आहे. १८६७ च्या तहाने व्हाइट अर्थला सुमारे ८,३७,००० एकर जमीन मिळाली. पुढे १८८९ च्या नेल्सन कायद्याने सामाईक जमिनीचे खाजगी तुकडे पडले. मग कर थकला म्हणून, किंवा न वाचता येणाऱ्या कागदांवर सह्या घेऊन, ते तुकडे लाकूड कंपन्यांच्या व परक्यांच्या घशात गेले. ती जमीन थोडी थोडी परत मिळविण्यासाठी लेखिकेने १९८९ साली संस्था काढली. तेथल्या सरोवरांत मनोमिन हा जंगली तांदूळ आपोआप उगवतो. एकजण होडी ढकलतो, दुसरा दोन काठ्यांनी दाणे झोडपतो. जे पाण्यात पडतात, तेच पुढचे बियाणे. सार्वभौमत्व ही केवळ घोषणा न राहता ताटातला घास कशी होते, हे येथे कळते. २०१८ साली याच जमातीने मनोमिनचे हक्क मान्य करणारा कायदा केला.

सेंट लॉरेन्स नदीकाठच्या मोहॉक स्त्रियांचे प्रकरणही मनाला चटका लावते. कारखान्यांचे पीसीबी हे विष मासळीत, मासळीतून आईच्या दुधात उतरले. कात्सी कुक या सुईणीने त्याची तपासणी व्हावी म्हणून पुढाकार घेतला.

आमचा आक्षेप कोळशाविषयी आहे. मोंटानातील नॉर्दर्न शायेन जमातीने १९७३ साली कोळशाचे करार रद्द करण्याची मागणी केली; शेजारच्या क्रो जमातीच्या कोळशावर खाण चालू झाली. लेखिकेचा कौल उघडपणे शायेनांकडे आहे, आणि त्याला कारणेही आहेत. परंतु सार्वभौमत्व खरे मानायचे, तर आपल्याला न रुचणारा निर्णय घेण्याचा हक्कही मानावा लागतो. खाणीच्या पगारावर ज्यांची चूल पेटते, त्यांचे म्हणणे तितक्याच आस्थेने यायला हवे होते. २०१९ साली नव्हाहो प्रदेशातील मोठे वीजकेंद्र बंद पडले. धूर थांबला, पण शेकडो नोकऱ्याही गेल्या.

सातव्या वर्षी जमिनीला विसावा देणारी शमिता आपल्याला ठाऊक आहे. त्या वर्षी शेतकऱ्याच्या घरी काय शिजते, हा प्रश्नही तितकाच जुना आहे. लेखिका पहिली बाजू तळमळीने मांडतात. दुसरी अपुरी राहते. तरीही आपल्या तरुण मंडळींनी हे पुस्तक अवश्य वाचावे, आणि वाचून वादही घालावा.