गड आला, पण... : ‘जेनेसिस’च्या फाशांविषयी

रोल-प्लेइंग गेम म्हणजे चार-पाच जणांनी टेबलाभोवती बसून मिळून रचलेली गोष्ट. एक जण सूत्रधार, बाकीच्यांकडे एकेक पात्र. पात्राने काही अवघड करायला घेतलं, की पुढे काय झालं ते फाशाला विचारायचं. या खेळांबद्दल बोलताना राक्षस, जादू, नकाशे यांचंच कौतुक फार होतं. गोष्टीचं व्याकरण मात्र फासा ठरवतो. फाशाला जे बोलताच येत नाही, ते गोष्टीत सहसा घडत नाही.

१९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आला. त्यातले चार, आठ, बारा, वीस बाजूंचे फासे गायगॅक्सला शाळांना शैक्षणिक साहित्य पुरवणाऱ्यांच्या कॅटलॉगमध्ये सापडले होते. भूमितीच्या तासाला दाखवायचे ठोकळे असे खेळात आले. पुढे त्यातला वीस बाजूंचा फासा या खेळाची खूणच बनला. प्रत्येक बाजू पडण्याची शक्यता ५ टक्के, हिशेब स्वच्छ. अमुक आकड्याच्या वर पडलं तर जमलं, खाली पडलं तर फसलं. प्रोग्रामिंगच्या भाषेत हे बूलियन उत्तर : हो किंवा नाही.

आता याच फाशावर कोंढाणा घेऊन बघा. फेब्रुवारी १६७०ची रात्र, समोर कडा. फासा टाकला, मावळे चढले. पुन्हा टाकला, गड घेतला. पण आपल्याला ती रात्र आठवते ती एवढ्यासाठी नव्हे. तानाजी पडला आणि गड मिळाला, या दोन गोष्टी एकाच दमात सांगाव्या लागतात म्हणून ती आठवते. ‘गड आला पण सिंह गेला’ या वाक्याचा सगळा जीव त्या ‘पण’मध्ये आहे, आणि वीस बाजूंच्या फाशावर ‘पण’ कोरलेला नाही. कसलेला सूत्रधार तो पदरचा घालतो, हे खरं. पण ते श्रेय सूत्रधाराचं.

हा ‘पण’ थेट प्लास्टिकवर छापायचा प्रयत्न फँटसी फ्लाइट गेम्स या अमेरिकी कंपनीने केला. आधी २००९चा ‘वॉरहॅमर’, मग २०१३पासूनचे ‘स्टार वॉर्स’चे खेळ, आणि २०१७ साली कुठल्याही जगाला लावता येईल असा ‘जेनेसिस’. या फाशांवर आकडे नाहीत, चिन्हं आहेत. आमच्या कोथरूडच्या रविवारच्या टोळीने त्यांना मराठी नावं दिली आहेत : यश आणि अपयश, लाभ आणि विघ्न. यश-अपयश एकमेकांना खोडतात, लाभ-विघ्न एकमेकांना. मात्र या दोन जोड्या एकमेकींत मिसळत नाहीत. त्यामुळे उत्तर एका रेषेवर न येता आलेखाच्या दोन अक्षांवर येतं.

खरी करामत बाजूंच्या वाटणीत आहे. पात्राचं अंगभूत बळ दाखवणारा हिरवा फासा आठ बाजूंचा : चार बाजूंवर यश, चारांवर लाभ (एका बाजूवर दोन्ही), एक कोरी. कामाची अवघडता दाखवणारा जांभळाही आठच बाजूंचा. पण त्याच्या तीनच बाजूंवर अपयश आहे, विघ्न मात्र पाचांवर. म्हणजे अवघड काम तुम्हाला अडवण्यापेक्षा गोत्यात जास्त आणतं. एक हिरवा आणि एक जांभळा टाकला तर एकूण ६४ शक्यता होतात. मी त्या मांडून बघितल्या : काम जमतं २२ वेळा, आणि त्यांतल्या १४ वेळा यशासोबत विघ्न येतं. जमण्याची सर्वसाधारण तऱ्हाच ‘जमलं, पण’ अशी आहे. मोठ्या संकटांसाठी लाल फासा आहे. त्याच्या बारांपैकी एका बाजूवर ‘घात’ असतो, आणि तो यशानेही पुसला जात नाही. सिंह जातो तो इथे.

उलट बाजूही तितकीच बोलकी आहे. काम फसण्याच्या उरलेल्या ४२ शक्यतांपैकी १५ वेळा पदरात लाभ पडतो. यालाही आपल्याकडे जुना दाखला आहे. खंडोबाच्या एका प्रचलित कथेत देव म्हाळसेबरोबर सारीपाट खेळतो, हरतो, आणि पणाप्रमाणे बारा वर्षं घर सोडून जातो. धनगराकडे मेंढ्या राखतो आणि बाणाईला घेऊन जेजुरीला परततो. दान उलटं पडलं नसतं तर बाणाईची सगळी गाणी कुठून आली असती? हरणं हे तिथे कथेचं दार आहे.

आमच्या टेबलावर हे दार उघडताना दिसतं. मागे एकीचं पात्र वेशीवरच्या पहारेकऱ्याला थाप मारत होतं. अपयश पडलं, सोबत दोन लाभ. पहारेकऱ्याने तिला हाकललं, पण हाकलताना करवादला, की पहाटेपर्यंत एकट्यानेच उभं राहायचंय, त्यात तुझी कटकट. मग पुढचा दीड तास त्या ‘एकट्यानेच’वर चालला. वीस बाजूंच्या फाशावर हा प्रसंग ‘नाही, आत सोडत नाही’ इथेच संपला असता.

तरीही या फाशांना पूर्ण गुण देता येत नाहीत. पात्रं अनुभवी झाली की एका वेळी सहा-सात फासे टाकावे लागतात आणि प्रत्येक फेकीत दोन-तीन विघ्नं निघतात. फासा विघ्न देतो, ते कोणतं हे सांगत नाही. दहाव्या फेकीला सूत्रधाराची कल्पनाशक्ती आटते. मग नियमांतली सोपी पळवाट निघते : लाभ पडला, दमणूक एकाने कमी करा, विघ्न पडलं, एकाने वाढवा. तिथे ‘पण’ पुन्हा आकडा होतो आणि सगळा खटाटोप वाया जातो. दुसरी अडचण मालकीची. आकड्यांचा फासा कुठल्याही खेळात चालतो, ही चिन्हं एकाच घराण्याच्या खेळात. साध्या फाशांवर तक्ता लावून काम भागतं, पण मग टेबलावर यश-विघ्न एकदम दिसण्याची गंमत जाते. शिवाय शंभरदा ‘पण’ म्हटलं की त्याचं वजन उतरतं. कोंढाण्याला तो एकदाच म्हटला गेला. म्हणून माझं मत असं, की हे फासे रात्रीतून चार-पाच वेळाच, गोष्ट वळू शकेल अशाच जागी टाकावेत. बाकी वेळी सूत्रधाराने नुसतं ‘हो, जमलं’ म्हणावं.

एवढ्या तक्रारी करूनही आम्ही हाच संच बाहेर काढतो. आमच्या टेबलावरचे बहुतेक जण इंजिनिअर आहेत, कटऑफवर वाढलेले. अर्ध्या गुणाने प्रवेश हुकला म्हणजे हुकला. प्लेसमेंटच्या यादीत नाव आहे किंवा नाही. दिवसभर लिहितो त्या कोडमध्येही टेस्ट हिरवी, नाही तर लाल. आमच्यातल्या एकाची नोकरी गेली, तेव्हा दोन महिने त्याला स्वतःबद्दल एकच शब्द सुचत होता : फेल. प्लास्टिकच्या ठोकळ्याने कुणाचं आयुष्य सुधारत नाही, आणि त्याची नोकरीही फाशाने मिळाली नाही. पण दर रविवारी तीन तास त्याला स्वतःच्या तोंडाने सांगावं लागे : ‘फसलं, पण...’, आणि बाकीचे चौघं पुढचं ऐकायला थांबलेले असत. वाक्य अर्धवट सोडायची मुभा नसे. खेळाच्या फाशाकडून मला एवढंच हवं असतं : त्याने निकाल देऊन गप्प बसू नये, पुढचं वाक्य मागावं. ‘जेनेसिस’चा संच ते मागतो, अधूनमधून जरा जास्तच मागतो.