वास्तववादाची तटस्थता कोणाची?

वास्तववादाची लक्षणे शिकविताना मी वर्षानुवर्षे फळ्यावर एकच यादी लिहीत आलो : समकालीन जीवन, सामान्य माणूस, बारीक तपशील, परिस्थिती आणि स्वभाव यांतला कार्यकारणभाव, आणि शेवटी लेखकाची तटस्थता. यादी चुकीची नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फ्रान्समध्ये रोमँटिक वाङ्मयाचा भर ओसरला, तेव्हा कादंबरी याच वाटेने बाजारपेठेत आणि शेतावर आली. परंतु या शेवटच्या लक्षणाचा दंडुका करून आमच्या लेखनाला ‘प्रचारकी’ म्हणून झोडपले गेले. म्हणून ही तटस्थता तिच्या मूळ घरी कशी नांदते, हे मला तपासावेसे वाटले.

‘मादाम बोव्हारी’वर १८५७ साली अनीतीचा खटला झाला, फ्लोबेर त्यातून सुटला. आमचे प्राध्यापक नायिकेच्या व्यभिचाराविषयी पुष्कळ बोलतात. मला त्यातले शेतकी प्रदर्शन मोलाचे वाटते. खाली खतांची, जनावरांची बक्षिसे पुकारली जात आहेत. वर नगरगृहात एक जमीनदार एम्माला प्रेमाच्या भूलथापा देतो आहे. आणि मग कॅथरीन लरू ही म्हातारी मोलकरीण पुढे येते. एकाच शेतावर ५४ वर्षे राबली म्हणून तिला २५ फ्रँक किमतीचे रौप्यपदक! कोठाराची धूळ, धुण्याचा खार, लोकरीचे तेलकट यांनी तिचे हात असे राठ झालेले की, स्वच्छ धुऊनही मळकेच दिसावेत. असे हात मी घरी पाहिले आहेत. फ्लोबेरने खोटे काहीही लिहिलेले नाही, आणि समोरच्या तृप्त भांडवलदारांना त्याने सोडलेलेही नाही.

पण पुढे काय? जनावरांत राहून ती जनावरांसारखी मुकी झाली, असे तो सुचवितो. पदक पाद्रीबुवांना देईन, एवढेच ती पुटपुटते आणि कादंबरी तिला सोडून निघून जाते. ५४ वर्षांत तिला काय वाटले, हा प्रश्न तिथे उद्भवतच नाही. सर्जनचा मुलगा, घरच्या उत्पन्नावर क्रॉइसेला बसून लिहिणारा. तटस्थ राहणे त्याला परवडत होते.

एंगल्सने १८८८ साली मार्गारेट हार्कनेसला लिहिलेले पत्र येथे आठवावे. तपशिलाच्या खरेपणासोबत प्रातिनिधिक परिस्थितीतली प्रातिनिधिक माणसे, ही त्याची व्याख्या सर्वांना पाठ असते. त्याच पत्रातली तक्रार मात्र कोणी सांगत नाही : तिच्या कादंबरीतले कामगार नुसते सोसणारे आहेत, स्वतःसाठी हात उचलणारे नाहीत.

मग ज्याने भोगले त्यानेच लिहावे काय? मी इतके सोपे उत्तर देणार नाही. झोला खाणकामगार नव्हता. १८८४ च्या संपात तो आंझँला गेला, खाणीत उतरला, टिपणे घेतली, आणि १८८५ च्या ‘जर्मिनल’मध्ये त्याचे कामगार संप करतात, चुकतात, हरतात, पण मुके नसतात. १९०२ साली त्याच्या अंत्ययात्रेत खाणकामगारांनी ‘जर्मिनल! जर्मिनल!’ अशा घोषणा दिल्या. माझ्या लेखी ही समीक्षाच होय.

बाबुराव बागुलांच्या १९६३ च्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या शीर्षककथेत पाहणारा ‘मी’ स्वतःच लपलेला आहे. जात उघड झाली की मार त्यालाच बसणार आहे. त्याने कुठल्या खिडकीत उभे राहून तटस्थ व्हावे, ते यादीवाल्यांनी मला दाखवावे.