मूकपटातील आरोपी

मूकपटांच्या काळातील गुन्हेविषयक प्रहसनांची गोडी अद्याप ओसरलेली नाही. तिचे कारण सामान्यतः पाठलाग आणि पडापडी यांत शोधले जाते. हे उत्तर अपुरे आहे; पाठलाग बोलपटांतही असतात, पण त्यांना ती गोडी क्वचितच येते. आमच्या मते खरे कारण मूकत्वातच आहे. ज्याच्यावर आळ आला, त्याला खुलासा करता येत नाही, आणि त्याचा एकमेव साक्षीदार असतो प्रेक्षक.

बस्टर कीटनचा 'कॉप्स' (१९२२) हा अवघ्या दोन रिळांचा चित्रपट पाहावा. नायक एका भामट्याकडून घरसामान विकत घेतो. ते वस्तुतः घर बदलणाऱ्या एका पोलिसाचे असते. सामानाची गाडी पोलिसांच्या संचलनात शिरते, तोच कोणा अराजकवाद्याने फेकलेला बाँब तिच्यावर येऊन पडतो. नायक त्याच्या जळत्या वातीवर शांतपणे सिगारेट पेटवतो आणि तो भिरकावून देतो. मग साऱ्या शहराचे पोलीस त्याच्या मागे लागतात. त्याला सर्वथा निष्पाप म्हणता येत नाही (आरंभी दुसऱ्याच्या पाकिटातील पैसे त्याने लांबविलेलेच असतात). परंतु ज्यासाठी त्याला पळावे लागते तो अपराध अजाणता घडलेला असतो. कीटनचा चेहराही काही सांगत नाही. विठ्ठलवाडीच्या फलाटावर तिकीट तपासनीस दिसताच पास घरी विसरलेला मनुष्य ज्या चर्येने उभा राहतो, तीच ही चर्या. पाहणाऱ्यास हसू येते, आणि त्याच क्षणी तो स्वतःचा खिसा चाचपून पाहतो.

चॅप्लिनच्या 'द पिल्ग्रिम'मध्ये (१९२३) पळालेला कैदी धर्मोपदेशक समजला जातो व दावीद आणि गल्याथ यांची कथा नुसत्या हावभावांनी सांगतो. तेथे मूकत्व हा आडोसा होतो.

आपल्याकडील बहुतेक मूकपट नष्ट झाल्याने तुलना जपूनच केली पाहिजे. तरीही बाबूराव पेंटर यांच्या 'सावकारी पाश'चे (१९२५) कथानक येथे आठवते. त्यातील शेतकरी सावकारापायी जमीन गमावतो आणि शहरात गिरणीमजूर होतो. त्यालाही तोंड नाही. सावकाराच्या बाजूने कागद बोलतो. हास्याची जागा मात्र कोठेच उरत नाही. उलट 'कॉप्स'चा नायक पोलिसांना ठाण्यात कोंडून किल्ली कचऱ्याच्या डब्यात टाकतो, पण प्रेयसीने पाठ फिरवताच आपल्याच हाताने दार उघडतो. शेवटच्या पाटीवर थडगे दिसते, आणि त्यावर त्याची टोपी.