कच्च्या फितीवरचे पक्के गाणे

गाणे ध्वनिमुद्रित करणाऱ्या तरुणांत गेली काही वर्षे एक उलटी वारी चालू आहे. ज्याच्या खिशातल्या मोबाइलमध्ये डझनांनी ट्रॅक फुकट मिळतात, तोच तरुण जुन्या बाजारात चार ट्रॅकचा कॅसेट रेकॉर्डर शोधत हिंडतो. यंत्राचे रबरी पट्टे वितळलेले असतात, बटणे खरखरतात, सुटे भाग दुसऱ्या मेलेल्या यंत्रातून काढावे लागतात. तरी तो मागतील ती किंमत मोजतो. जुन्याचे वेड म्हणून हा विषय झटकून टाकणे सोपे आहे. मला ते पटत नाही. या यंत्रात आजच्या कलावंताला हवेसे वाटणारे काहीतरी खरोखर आहे. मात्र यंत्राचे भक्त जे सांगतात ते हे नव्हे, असे माझे मत आहे आणि ते एकाच ध्वनिमुद्रिकेच्या आधाराने मांडायचे आहे. ती म्हणजे अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन याची १९८२ सालची ‘नेब्रास्का’.

मराठी दिवाळी अंकात या परक्या गायकाचे काय काम, असे कोणी विचारील. काम आहे. कॅसेट ही वस्तू आपल्याला परकी नाही. पेन्सिल घालून फीत गुंडाळण्यात आपल्या घरांतली एक पिढी वाढली. शिवाय प्रश्न शेवटी कच्चा खर्डा आणि पक्की प्रत यांचा आहे, आणि तो कोणत्याही भाषेत लिहिणाऱ्या-गाणाऱ्या माणसाच्या उंबऱ्यावर येऊन बसतोच.

आधी यंत्र समजून घेऊ. आपल्या साध्या कॅसेटच्या फितीवर मुळात चार रेघा असतात. दोन एका बाजूच्या, दोन दुसऱ्या बाजूच्या. म्हणून आपण कॅसेट उलटी करून लावत असू. फितीची रुंदी चार मिलिमीटरपेक्षाही कमी, म्हणजे एकेका रेघेच्या वाट्याला मिलिमीटरभरही जागा नाही. जपानच्या टीॲक कंपनीने १९७९ मध्ये टॅस्कॅम या नावाखाली ‘पोर्टास्टुडिओ १४४’ बाजारात आणला. त्यात या चारही रेघा एकाच दिशेने, पण स्वतंत्रपणे वापरण्याची सोय केलेली होती. पहिल्या रेघेवर गिटार वाजवायची, मग फीत मागे नेऊन तीच गिटार कानाला लावून ऐकत दुसऱ्या रेघेवर गायचे, तिसरीवर तोंडाची पेटी, चौथीवर दुसरा आवाज. फितीचा वेगही नेहमीच्या दुप्पट ठेवला, आवाज स्वच्छ यावा म्हणून. परिणामी साठ मिनिटांच्या कॅसेटवर जेमतेम पंधरा मिनिटांचे काम होई. अशी कॅसेट घरच्या टेपरेकॉर्डरमध्ये घातली तर दोन रेघा निम्म्या गतीने, रडव्या सुरात ऐकू येत आणि उलटी करून लावली तर उरलेल्या दोन चक्क उलट्या वाजत!

चार रेघा पुरल्या नाहीत तर पहिल्या तीन एकत्र करून चौथीवर उतरवायच्या आणि त्या तीन पुसून पुन्हा वापरायच्या, अशी युक्ती होती. पण एकदा उतरवले की गिटार मोठी झाली, आवाज दबला, ही तक्रार चालत नसे. ते मिश्रण कायमचे. प्रत्येक उतरवणीत फितीची खरखरही वाढत जाई. म्हणजे गाणे पुरे होण्याआधीच, पाव गाणे हातात असताना, निर्णय घ्यावा लागे. बीटल्सनी १९६७ मधला ‘सार्जंट पेपर’ चार ट्रॅकच्याच यंत्रांवर केला हे खरे, पण तिथे फीत एक इंच रुंद होती आणि हाताशी लंडनचा कसलेला स्टुडिओ होता. पोर्टास्टुडिओने तीच शिस्त झोपायच्या खोलीत आणली. किंमत अमेरिकेत हजार डॉलरांच्या वर असली तरी स्टुडिओच्या भाड्यापुढे ती काहीच नव्हती.

स्प्रिंगस्टीनने हे यंत्र घेतले ते मुळी ध्वनिमुद्रिका करण्यासाठी नव्हेच. १९८० च्या ‘द रिव्हर’ने तो अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचला होता आणि स्टुडिओत बसून गाणी लिहिण्यात पैसा आणि महिने वाया जातात याला कंटाळला होता. घरीच गाणी लिहावीत, कच्ची उतरवून बघावीत, मग वाद्यवृंदाला शिकवावीत, एवढाच बेत. न्यू जर्सीतल्या कोल्ट्स नेक गावच्या भाड्याच्या घरात, त्याच्या गिटारी सांभाळणाऱ्या सहकाऱ्याने यंत्र मांडले, दोन साधे शूर मायक्रोफोन लावले आणि जानेवारी १९८२ च्या सुमारास बहुतेक गाणी उतरली. चार ट्रॅकचे मिश्रण इकोप्लेक्स नावाच्या प्रतिध्वनी देणाऱ्या यंत्रातून काढून साध्या पॅनासॉनिक टेपरेकॉर्डरवर घेतले. ती कॅसेट डबीशिवाय पँटच्या खिशात घालून हा गृहस्थ काही आठवडे हिंडत होता.

पुढे न्यूयॉर्कच्या पॉवर स्टेशन स्टुडिओत ई स्ट्रीट बँडसह तीच गाणी रीतसर वाजवली गेली. वादक उत्तम, यंत्रे उत्तम. पण गाणी हातातून निसटू लागली. स्टुडिओत एकट्याने गाऊन पाहिले, तेही जमेना. अखेर खिशातली कॅसेटच छापायची ठरली. तिच्यावरून तबकडी कापणे सोपे नव्हते. अनेक प्रयत्न झाले आणि शेवटी आवाजाची पातळी खाली ठेवून ते साधले. ३० सप्टेंबर १९८२ रोजी दहा गाण्यांची ‘नेब्रास्का’ बाहेर आली.

पक्की प्रत का फसली, हा टीकाकाराने विचारण्याचा प्रश्न आहे. नेहमीचे उत्तर असे की कॅसेटचा आवाज ‘उबदार’ असतो. मला हे उत्तर मुळीच मान्य नाही. खरखर हा दोष आहे. पोर्टास्टुडिओ बनवणाऱ्यांनी ती घालवण्यासाठीच त्यात डॉल्बीची सोय केली होती. आज संगणकात मुद्दाम खरखर मिसळून देणारी साधने मिळतात. नव्या कोऱ्या वहीवर चहाचे डाग पाडून ती आजोबांची रोजनिशी म्हणून दाखवण्यासारखाच हा प्रकार आहे. ‘नेब्रास्का’ची नक्कल करणाऱ्या शेकडो गाण्यांत डाग दिसतात, रोजनिशी नसते.

माझे उत्तर गाण्यांच्या आशयात आहे. शीर्षकगीत १९५८ च्या जानेवारीत खून करत सुटलेल्या चार्ल्स स्टार्कवेदर या तरुणावर आहे आणि ते त्याच्याच तोंडी आहे. टेरेन्स मॅलिकचा ‘बॅडलँड्स’ हा १९७३ चा चित्रपट आणि फ्लॅनरी ओ’कॉनरच्या कथा यांचा स्प्रिंगस्टीनवर त्या काळात मोठा प्रभाव होता. खुनी माणूस पश्चात्ताप दाखवत नाही, समर्थनही करत नाही. शेजारी बसून हवापाण्याच्या गोष्टी सांगाव्यात तसे सांगतो. ‘हायवे पेट्रोलमन’मध्ये पोलीस असलेला भाऊ गुन्हेगार भावाच्या गाडीचा पाठलाग करतो आणि सीमेजवळ थांबून त्याला जाऊ देतो. ‘युज्ड कार्स’मध्ये बापाने जुनी मोटार विकत घेताना जी मान खाली घातली, ती पोराने पाहिली आहे. ही माणसे कोणापुढे बोलत नाहीत. त्यांच्यासमोर श्रोताच नाही. आता अशा माणसामागे सहा वादक उभे केले की काय होईल? तो लगेच सभेत बोलू लागेल.

या ठिकाणी यंत्राचा एक गुण गाण्याच्या कामी आला, असे मला वाटते. आपल्या बैठकीत तबलजी गवयाकडे बघतो, गवई तबलजीकडे. जुगलबंदीत तर दोघांचे कान एकमेकांत गुंतलेले असतात. एकाने लय किंचित ओढली तर दुसरा सावरून घेतो. चार ट्रॅकवर एकट्याने गाणाऱ्याचे तसे नसते. दुसऱ्यांदा गाणारा पहिल्याला ऐकतो. पहिला मात्र दुसऱ्याला कधीच ऐकू शकत नाही. तो भूतकाळात गाऊन गेलेला असतो. ‘नेब्रास्का’त जिथे जिथे दुसरा आवाज येतो, तिथे माणूस स्वतःच्याच मागे मागे चालल्यासारखा भासतो. साथ आहे, पण सोबत नाही. एकटेपणावरच्या गाण्यांना याहून योग्य वाद्यवृंद कुठून आणणार?

अर्थात हा गुण प्रत्येक गाण्याला लाभला असे नाही. ‘ओपन ऑल नाइट’ हे गाणे मला त्या खोलीत कोंडल्यासारखे वाटते; त्याला ढोल हवा होता. आणि हे यंत्र म्हणजे फक्त उदासी, असेही समजू नये. वीन या जोडगोळीने ‘द पॉड’ (१९९१) चार ट्रॅकच्या कॅसेटवरच केला, आणि त्यात चावटपणा ओसंडतो आहे.

माझा एक जुना विद्यार्थी बेंगळुरूत नोकरी करतो. घरी मराठी, बाहेर कन्नड, कचेरीत इंग्रजी, असे आपल्याकडच्या बहुतेक मुलांसारखेच त्याचे चालते. त्याने असाच एक जुना चार ट्रॅकचा रेकॉर्डर घेतला. मी विचारले, “अरे, तुझ्याकडे एवढा भारी कॉम्प्युटर असताना हे कशाला?” तो म्हणाला, “सर, कॉम्प्युटरवर गाणं संपतच नाही. चाळीस वेळा गातो, चाळीस ठेवून देतो. यात चौथा ट्रॅक भरला की गाणं झालं.” यंत्राच्या भक्तांनी लिहिलेल्या स्तुतीपेक्षा मला हे वाक्य अधिक मोलाचे वाटले. शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी मुले मोबाइलवर गाणे उतरवतात, ऐकतात, पुसतात, पुन्हा उतरवतात. शेवटी कार्यक्रमाच्या दिवशी सिनेमातली तयार फीत लावून ओठ हलवतात. अनेकदा अडचण सुराची नसतेच. आपली मराठी पुण्याची वाटत नाही, मध्येच कन्नड हेल येतो, ही लाज असते. पुसण्याची सोय अमर्याद असली की ही लाजही अमर्याद वाढते.

कच्ची प्रत जपण्याचा मोठा दाखला आपल्याकडेही आहे. बहिणाबाई चौधरींनी आपली गाणी छापखान्यासाठी रचली नव्हती. घरच्यांनी ती टिपून ठेवली आणि त्यांच्या निधनानंतर, १९५२ मध्ये, आचार्य अत्र्यांच्या आग्रहामुळे ती पुस्तकरूपाने आली. ती आली त्यांच्याच खानदेशी बोलीत. कोणी विद्वानाने शाळेच्या मराठीत त्यांची पक्की प्रत करून दिली असती, तर व्याकरण सुधारले असते आणि बहिणाबाई गेल्या असत्या. कच्चे ते सगळे चांगले, असा याचा अर्थ कोणी काढू नये. कच्च्या वह्यांचे गठ्ठे आयुष्यभर तपासलेला माणूस असे म्हणणार नाही. कच्च्या प्रतीत कधी कधी जे पुरे झालेले असते, ते ओळखणारा कान हवा, एवढेच माझे म्हणणे आहे. १९८२ मध्ये तो कान खुद्द गायकाजवळ होता.

इतकी वर्षे हे सारे आपण ऐकीव माहितीवर बोलत होतो, कारण पॉवर स्टेशनमधली ती फसलेली मुद्रणे बंद कपाटात होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये याच कहाणीवरचा ‘डिलिव्हर मी फ्रॉम नोव्हेअर’ हा चित्रपट आला आणि त्याच सुमारास ती मुद्रणेही ‘नेब्रास्का’च्या विस्तारित आवृत्तीत प्रसिद्ध झाली. मी ती लक्षपूर्वक ऐकली. ती वाईट नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. ‘अटलांटिक सिटी’ तर चांगलीच ठसते. पण मूळ गाण्यात तो कर्जबाजारी तरुण आपल्या मैत्रिणीला सजून ये म्हणतो, तेव्हा पुढे काय वाढून ठेवले आहे ते आपल्याला कळत नाही आणि पोटात गोळा येतो. वाद्यवृंद आला की ठेका आपल्याला हात धरून नेतो. कुठे घाबरायचे ते तोच सांगतो.

त्या खिशातल्या कॅसेटवर आणखी एक गाणे होते, ‘बॉर्न इन द यू.एस.ए.’. व्हिएतनामहून परतलेल्या, नोकरी न मिळालेल्या सैनिकाचे ते गाऱ्हाणे आहे. ‘नेब्रास्का’त ते घेतले नाही. १९८४ मध्ये ते पूर्ण वाद्यवृंदासह, दणदणीत ढोलांच्या साथीने आले आणि जगभर गाजले. त्याच वर्षीच्या निवडणुकीत अध्यक्ष रेगन यांनी न्यू जर्सीतल्या सभेत स्प्रिंगस्टीनच्या गाण्यांतल्या आशेचा गौरव केला आणि असंख्य लोकांनी ते गाऱ्हाणे देशाभिमानाचे गीत म्हणून मुठी वळवून गायले. चुकीचे ऐकले म्हणून मी त्यांना दोष देत नाही. ढोलांनी त्यांना तसेच सांगितले होते. घरच्या खोलीत एकट्याने गायलेले मूळ रूप ‘ट्रॅक्स’ या संचात १९९८ मध्ये बाहेर आले. शब्द जवळजवळ तेच आहेत. ते ऐकताना मूठ वळत नाही.