सायबर अवकाशातील राष्ट्रीय सार्वभौमत्व : ‘टॅलिन मॅन्युअल २.०’ची मर्यादा

मावळातील वळवण, लोणावळा व शिरवटा या तलावांचे पाणी घाटाखाली खोपोलीच्या वीजगृहात उतरते आणि त्यावर १९१५ पासून मुंबईसाठी वीज तयार होते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई महानगराचा वीजपुरवठा खंडित झाला, तेव्हा तो पूर्ववत करण्यासाठी टाटा कंपनीने ट्रॉम्बेबरोबरच आपल्या जलविद्युत संचांचाही आधार घेतला. पुरवठा त्याच दिवशी सुरू होऊ लागला. पण तो का गेला, याचे उत्तर मात्र एकमताने मिळाले नाही.

फेब्रुवारी २०२१ च्या अखेरीस ‘रेकॉर्डेड फ्युचर’ या अमेरिकी संस्थेने भारतीय वीजक्षेत्रातील संगणकप्रणालींमध्ये चीनशी संबंधित गटाने शिरकाव केल्याचा अहवाल प्रसिद्ध केला. मुंबईच्या घटनेशी त्याचा संबंध सिद्ध झालेला नाही, असे त्याच अहवालात नमूद होते. १ मार्च रोजी राज्याचे तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी घातपाताची शक्यता वर्तविली. दुसऱ्याच दिवशी तत्कालीन केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी मानवी चूक हे कारण दिले.

या घटनेच्या कसोटीवर २०१७ चे ‘टॅलिन मॅन्युअल २.०’ तपासले असता त्यातील उणीव स्पष्ट होते. नाटोशी संलग्न केंद्राच्या पुढाकाराने तज्ज्ञांनी सिद्ध केलेल्या या ग्रंथाचा चौथा नियम परराज्याच्या सार्वभौमत्वाचा भंग निषिद्ध ठरवितो. तथापि भंग मोजला जातो तो मुख्यतः परिणामावरून : प्रत्यक्ष हानी झाली काय, यंत्रणा निकामी झाली काय. त्याखालील कृत्यांबाबत तज्ज्ञांचे एकमत झाले नाही. म्हणजे दिवे गेले तर प्रश्न विधीचा. परकी आज्ञावली वीजजाळ्यात नुसतीच दबा धरून बसली असेल तर तो अनिर्णीत. वीजक्षेत्राला खरी धास्ती आहे ती नेमकी या दुसऱ्या अवस्थेची. फ्रान्सने २०१९ मध्ये अशा शिरकावालाही सार्वभौमत्वभंग मानण्याकडे कल दर्शविला, तर ब्रिटनने २०१८ मध्ये सायबर क्षेत्रापुरता असा स्वतंत्र नियमच नाकारला. ग्रंथाचे मौन बलिष्ठ राष्ट्रांच्या सोयीचे आहे, असे म्हणावे लागते.

परंतु दोष केवळ ग्रंथाचा नाही. २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शासकीय तज्ज्ञगटाच्या अहवालासोबत १५ राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय विधीविषयक आपापल्या भूमिका मांडल्या. गटाचा सदस्य असूनही भारत त्यांत नव्हता. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० चे कलम ७५ भारताबाहेर घडलेल्या अपराधालाही लागू होते. मात्र ते व्यक्तींना पकडते, राज्यांना नव्हे. परराज्याकडे बोट दाखवायचे तर कृत्य त्या राज्याचेच असल्याचे सिद्ध करावे लागते, आणि येथे तर मुंबई आणि दिल्ली यांचे मूळ घटनेच्या कारणावरच एकमत झाले नव्हते.