चर्चच्या दारातले पाच नवरे आणि जमिनीचा प्रश्न

मागच्या व्याख्यानात आपण ‘कँटरबरी टेल्स’ची चौकट पाहिली. यात्रेकरू जमले, गोष्टी सांगायचं ठरलं, इथपर्यंत आलो होतो. आज त्या घोळक्यातली एकच बाई घ्यायची आहे. इंग्रजीत तिला ‘वाइफ ऑफ बाथ’ म्हणतात. मराठीत ‘बाथची बायको’ म्हटलं की लगेच प्रश्न येतो, कोणाची? तर पाच जणांची. (हशा) पाच नवरे, आणि सहावा आला तरी स्वागतच आहे, असं ती स्वतःच सांगते.

आपल्याकडे एम.ए.च्या वर्गात ही बाई कशी शिकवली जाते ते तुम्हाला ठाऊक आहे. मीही पुष्कळ वर्षं तशीच शिकवली. ती बोलकी आहे, कामुक आहे, बंडखोर आहे. काहींच्या मते पहिली स्त्रीवादी, काहींच्या मते पुरुषांनी रंगवलेलं स्त्रीचं व्यंगचित्र. डी. डब्ल्यू. रॉबर्टसन यांनी १९६२ च्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात तर तिला बाई म्हणून वाचूच नका, ती देहवासनेचं रूपक आहे, असं बजावलं. या सगळ्या भांडणात एक साधी गोष्ट मागे पडते, आणि मला आज तीच पुढे आणायची आहे. ही बाई सतत जमिनीबद्दल बोलते.

सुरुवातीलाच ती म्हणते की आपण चर्चच्या दारात पाच नवरे केले. आपण वाचतो, ‘पाच लग्नं केली’, आणि पुढे जातो. पण दारातच का? कारण त्या काळी इंग्लंडमध्ये लग्नाचा एक महत्त्वाचा भाग चर्चच्या दारात, लोकांसमोर उरकत असे. नवऱ्यानं तिथे उभं राहून, आपल्यामागे बायकोला काय मिळेल ते बोलून दाखवायचं. या हक्काला ‘डॉवर’ म्हणत. शब्द ऐकायला हुंड्यासारखा वाटतो, पण व्यवहार उलटा. हुंडा बापाकडून येतो. डॉवर नवऱ्याच्या जमिनीतून निघतो, आणि तोही तो मेल्यावर. १२१५ च्या मॅग्ना कार्टात राजाला लिहून द्यावं लागलं की विधवेला तिचा वारसा आणि लग्नात मिळालेली जमीन विनाविलंब, पैसे न घेता द्यायची, आणि तिची इच्छा नसेल तर तिचं लग्न लावायचं नाही. १२१७ च्या आवृत्तीत डॉवरचं मापही आलं: दारात कमी ठरलं नसेल तर नवऱ्याच्या जमिनीचा तिसरा हिस्सा. म्हणजे चर्चचं दार म्हटलं की चॉसरच्या श्रोत्यांना लग्नाबरोबर जमीनही आठवणार. पाच दारं, पाच हिशेब. पहिल्या दारात ती उभी राहिली तेव्हा बारा वर्षांची होती, हेही ती सांगून टाकते. चर्चच्या कायद्यात मुलीला त्याहून लवकर उभं करता येत नव्हतं.

पहिले तिघे म्हातारे आणि श्रीमंत. त्यांनी आपली जमीन आणि पैसाअडका मला देऊन टाकला, म्हणून मग त्यांची मर्जी राखायची गरज उरली नाही, असं ती सरळ सांगते. चौथा रंगेल, बाहेरख्याली. त्याला पुरून महिना होतो न होतो तोच ती ऑक्सफर्डला शिकलेल्या जँकिनशी लग्न करते. ती चाळीस, तो वीस. आणि इथे ती आपल्या आयुष्यातली एकमेव मोठी चूक कबूल करते. चूक त्याच्याशी लग्न केल्याची नव्हे. आपल्याला आजवर मिळालेली सगळी जमीन त्याच्या नावे केल्याची.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. तो रोज रात्री दुष्ट बायकांच्या कथांचं पुस्तक वाचून दाखवतो, ती चिडून पानं फाडते, तो डोक्यावर हाणतो, ती कोसळते. एका कानानं कायमची बहिरी होते. आणि पडल्यापडल्या तिच्या तोंडून काय निघतं? माझ्या जमिनीसाठी तू माझा खून केलास, असं ती म्हणते.

आता जरा वकिलासारखं बघू. डॉवरची जमीन विधवेला हयातीपुरती मिळते. ती मेली की जमीन आधीच्या नवऱ्याच्या वारसाकडे परत. मग ही सगळी जमीन नुसती डॉवरची असेल, तर बायकोला मारून जँकिनला काय मिळणार? उलट असेल ते जाणार. त्यानं तिला तुपात बुडवून जिवंत ठेवायला हवं! बायकोच्या माहेरच्या वारशावर नवऱ्याचा तिच्या मागे हयातभर हक्क राहायचा, पण त्यासाठी जिवंत मूल जन्मलेलं असावं लागे. इतकी बोलते ही बाई, पण मुलाचं नाव नाही. म्हणजे आरोपाला अर्थ यायचा असेल तर तिची जमीन पक्की, तिच्या मालकीची असली पाहिजे, आणि तिनं ती अशा रीतीनं दिलेली असली पाहिजे की तिच्यामागेही ती जँकिनकडेच राहील. चौदाव्या शतकात हे होत होतं. जमीन आधी विश्वासातल्या त्रयस्थांच्या नावे करायची, त्यांनी ती नवरा-बायकोला जोडीनं परत द्यायची. मागे राहील त्याची सगळी. ‘जमीन’ म्हणताना ती जोडीला ‘फी’ हा शब्द वापरते. वकिलाच्या कानाला तो वंशपरंपरेच्या मालकीचा वाटेल, सामान्याच्या कानाला नुसती ‘मालमत्ता’. चॉसर कायदा जाणणारा माणूस होता. त्यानं तो सहज टाकला असेल असं मला वाटत नाही.

रॉबर्टसन यांचं नाव मी मुद्दाम आधी घेतलं. १९८० मध्ये त्यांनीच तिच्या जमिनीवर आणि कापडधंद्यावर मोठा लेख लिहिला. जिला ते रूपक म्हणत होते, तिच्या सातबाऱ्याची चौकशी करायला ते स्वतः बसले, याचं मला फार कौतुक आहे. ही बाई जमीनदाराची बांधील कुळ असावी, अशी शक्यता त्यांनी मांडली. मला ती पूर्ण पटत नाही. बाईचा पैसा आणि जेरुसलेमपर्यंतचा प्रवास बघता ती कोणाची बांधील वाटत नाही. मेरी कॅरदर्स यांनी १९७९ मध्ये तिच्याकडे पश्चिमेकडची धनवान कापडवाली म्हणून पाहिलं, ते जास्त जवळचं वाटतं. पण रॉबर्टसन यांच्या वाटेनं गेलं की एक दार मात्र उघडतं.

बाथ सॉमरसेट परगण्यात येतं. त्याच परगण्यात टॉन्टन नावाची, विंचेस्टरच्या बिशपची मोठी जहागीर होती. तिथली चाल अशी की कूळ मेलं की जमीन मुलांच्या आधी विधवेकडे जायची. तेराव्या शतकात तिथे जमिनीची टंचाई. जे. झेड. टिटो या इतिहासकारानं दप्तरं वाचून दाखवलं की भूमिहीन तरुण या विधवांशी लग्न करून जमिनीत शिरत. ती म्हातारी होऊन गेली की पुन्हा तरुण मुलीशी लग्न करत. म्हणजे विधवा ही जमिनीची पायरी. आता जँकिनकडे पाहा. नवऱ्याच्या तिरडीमागून चालताना तिला त्याचे पाय सुंदर दिसले, हे आपण हसत हसत वाचतो. तो काय बघत होता, हे चॉसर सांगत नाही.

एक तिरपा मुद्दा, मग पुढे जातो. इंग्लंडच्या सामान्य कायद्यात पुनर्विवाहानं डॉवर बुडत नसे. गावोगावच्या चालीत बुडायचं, पण राजाच्या कोर्टात नाही. त्याच देशाच्या सरकारनं १८५६ मध्ये आपल्याकडे विधवाविवाहाचा कायदा केला, तेव्हा पुनर्विवाह करणाऱ्या विधवेनं पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क सोडायचा, असं दुसऱ्या कलमात घातलं. बाथच्या बाईला हे कोणी सांगितलं असतं तर तिनं त्यांचीही पानं फाडली असती.

शेवट पाहा. जँकिन गुडघे टेकतो, घराचा आणि जमिनीचा लगाम तिच्या हाती देतो, पुस्तक जाळतो. टीकाकार म्हणतात, समेट झाला, बाई जिंकली. मला शंका आहे. कायद्याच्या नजरेत नवरा-बायको एकच. नवरा बायकोला थेट जमीन देऊच शकत नाही. जमीन देताना रीतसर दिली गेली असेल. परत आली ती तोंडी. तिनं सगळं आयुष्य शब्दांवर जिंकलं, आणि अखेर तिच्या हाती शब्दच आहेत.

खरोखर जमीन सांभाळणारी विधवा बघायची तर एलिझाबेथ द बर्ग. भाऊ १३१४ मध्ये बॅनॉकबर्नच्या लढाईत पडला आणि क्लेअर घराण्याच्या इस्टेटीचा तिसरा हिस्सा तिच्याकडे आला. तीन नवरे झाले. तिसरा १३२२ मध्ये गेला, तेव्हा राजाच्या मर्जीतल्या डिस्पेन्सरनं तिला कोंडून, अस्कची जहागीर घेऊन बदल्यात गॉवर पत्करायला लावलं. पुढे तिनं आपली जमीन परत मिळवली, केंब्रिजचं क्लेअर कॉलेज पोसलं, आणि १३६० पर्यंत, अडतीस वर्षं, चौथं लग्न केलं नाही. तिच्या अखेरच्या काळात तिच्या नावाच्याच नातीच्या घरी एक पोरगा नोकरीला होता. त्याचं नाव जेफ्री चॉसर.

एक चिठ्ठी आली आहे: जँकिन गोष्टीच्या वेळी जिवंत आहे की मेला? ती त्याच्या आत्म्यासाठी देवाकडे मागणं मागते, सहाव्याचं स्वागतही करते. त्यावरून बहुतेक जण तो मेला असं धरतात. मलाही तसंच वाटतं. आणि जमीन जोडीच्या नावावर असेल, तर मागे राहिली ती.